आठव्या सीटला दोनदा नाही

"हॅलो?… मीच गं. मी नाहीतर आणखी कोण उचलणार ह्या घरात?… बोल, ब्रिटा… गाड्यांच्या शोरूममधून? अगंबाई! म्हणजे आजच घेताय?… थांब, थांब, कागद घेते."

आर्डिसबाईंचा फोन अजून वायरचा. मिनेसोटाच्या त्या गावात असा फोन आता त्यांच्याकडे आणि चर्चच्या तळघरात, एवढाच उरला होता. वायर ताणून ताणून इतकी सैल झाली होती, की बाई लेकीशी बोलत बोलत ओव्हनपासून खिडकीपर्यंत जाऊन येत. ओव्हनमध्ये रूबार्बचा, म्हणजे परसातल्या आंबट लाल देठांचा केक होता. कागद म्हणून हाताला लागलं रविवारच्या प्रार्थनेचं पत्रक, मागून कोरं. बाईंनी मधोमध रेघ ओढली. नवरा व्हर्न जाऊन चार वर्षं झाली होती, पण मोठी वस्तू घ्यायची तर आधी रेघ ओढायची, ही त्याची शिस्त घरात टिकून होती.

"हं. दोन्हींतली लाल आधी… सात सीटा. मधल्या रांगेत दोन सुट्ट्या खुर्च्या, हात टेकायला दांड्यासकट… बरं. पुढे?… दाराखाली पाय हलवला की दार आपोआप सरकतं?… कुणाचाही पाय चालतो?… मग कुत्र्याचाही चालेल की गं!… नाही, हसत नाही. लिहितेय. 'पाय'."

"काय? व्हॅक्यूम? गाडीतच बसवलेला?… नळीसकट… ब्रिटा, तुझ्या घरात जो आहे तो तू शेवटचा कधी… नाही, नाही, मी कुठे काय म्हणाले! 'झाडू आतच.' लिहिलं."

"छतात कॅमेरा?… मागचं पोर काय करतंय ते पुढे पडद्यावर दिसतं… तुम्ही चौघं मागे बसायचात तेव्हा मी नुसती मान वळवायचे. गाडीत चर्चसारखी शांतता व्हायची… हो, कॅमेऱ्याला मान दुखत नाही, ते खरं."

रेघेच्या डावीकडचा रकाना गच्च भरला. बाईंनी पेन्सिल उजवीकडे नेली आणि उगाच तिचं टोक तपासलं.

"आता करडी… आठ. आठ ना? सात नव्हे?… मधे सलग बाक, तिघांचं… व्हॅक्यूम नाही. कॅमेरा नाही. दाराला पाय चालत नाही, हँडल ओढायचं… माणसासारखं, हं… पण चारही चाकं ओढतात. म्हणजे बर्फात बरी… आणि कप ठेवायला किती जागा?… सोळा? आठ माणसांना सोळा? दोन्ही हातांनी पितात की काय?"

"मग घ्या की लालच! तुम्ही दोघं आणि पोरं पाच, झाले सात. हिशेब जुळतो… आठवी सीट काय नुसती वारा खायला नेणार?"

हे वाक्य बाई जरा जास्तच भरभर बोलल्या. कारण त्या सगळ्या व्यवहारात त्यांना रस होता तो एवढ्या एकाच सीटमध्ये.

दर वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात सगळं कुटुंब उत्तरेला तळ्यावरच्या लाकडी घरात राहायला जाई. तीन तासांचा रस्ता. पुढे ब्रिटाची गाडी, मागे आर्डिसबाईंची. बाईंच्या शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसवलेलं हॉटडिशचं पातेलं, म्हणजे खिमा-बटाट्याचे थर लावून भाजलेला तो त्यांचा सुप्रसिद्ध प्रकार. पण एप्रिलमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, गावात चालवा, हायवेवर नाही. बाईंनी 'बरं' म्हटलं आणि कुणालाही काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मुलीला न्यावंच लागलं असतं, आणि न्यावं लागलेलं माणूस त्यांना व्हायचं नव्हतं. कुणीतरी आपणहून विचारायला हवं होतं.

"केंट काय म्हणतोय?… 'वाईट नाही'? दोन्हींना?… लालला 'वाईट नाही', आणि करडीला 'अगदीच वाईट नाही'?… अगं मग जावई करडीच्या प्रेमात पडलाय! स्वतःच्या लग्नात तुझ्याबद्दल तो एवढं बोलला नव्हता."

"हं… हं… हिवाळ्याचं सामान? तो गाड्या विकणारा फुकट देत होता?… रात्री इंजिन गरम ठेवायची वायर, उंच काठाच्या रबरी चटया, आणि घरात बसून गाडी सुरू करायचं बटण… चांगलंय की! मग तू काय म्हणालीस?… 'अय्या नको हो, एवढं कशाला.' बरोबर. अगदी बरोबर… मग त्याने परत विचारलं… नाही?… पहिल्याच 'नको'ला खोडलं? पेनाने?"

आर्डिसबाई मटकन स्टुलावर बसल्या.

"कुठला आहे तो?… ॲरिझोना. हं. मग त्या बिचाऱ्याला काय माहीत! तिकडे नको म्हणजे नकोच असतं म्हणे. कसे जगतात कोण जाणे… अगं, चूक त्याची नाही, पण वायर गेली ना! जानेवारीत उणे तीसमध्ये काय गाडीला गोधडी पांघरणार?… नाही, नाही, एकदम 'हवंय' म्हणू नकोस. चारचौघांत बरं दिसत नाही. जवळून जाताना नुसतं म्हण, 'इथे हिवाळा जरा असतो, चटया असलेल्या बऱ्या, असं लोक म्हणतात.' एवढंच. आणि खिडकीबाहेर बघत राहा."

टाइमर वाजला. बाईंनी वायर ओढत ओव्हन गाठला, केकमध्ये सुरी खुपसली, सुरी ओली निघाली. आणखी पाच मिनिटं.

"ऐकतेय गं… आणि जुळ्यांच्या सीटा कशा बसतात? मोजून पाहिलंस?… करडीत बाकाच्या दोन टोकांना एकेक… आणि मधे?… मधे एक माणूस मावतं. बरं."

पेन्सिल थांबली. तीन महिन्यांची दोन बाळं, एक डावीकडे, एक उजवीकडे, दोघांच्या मुठी मधल्या माणसाच्या बोटांभोवती. पेन्सिलने कागदावर आपोआपच दोन गोल काढले आणि त्यांच्या मधे एक टिंब.

"मी?… तुमच्या गाडीत?… तळ्यावर?… छे गं. मी कशाला मधे अडगळ. तुमची तुम्ही मजेत जा."

हे पहिलं 'नाही'. ते म्हणायचंच असतं. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारं माणूस ह्या गावात आजवर जन्मलं नव्हतं, आणि जन्मलं असेल तर ते ॲरिझोनाला गेलं असावं.

"नाही, हॉटडिशचं काय, ते मांडीवरही धरता येतं… ज्याच्या कुणाच्या मांडीवर… मी आपली म्हणतेय."

"… अगं खरंच नको, ब्रिटा. माझी गाडी आहे की दारात. आणि मधे बसायचं म्हणजे माझे गुडघे… तुमच्याच गळ्यात काम पडायचं."

हे दुसरं. गुडघ्यांची भर त्यात शोभेसाठी होती. बाई आता उभ्या राहिल्या. हात एप्रनला पुसले, फोन ह्या कानाचा त्या कानाला घेतला, आणि 'बरं बाई, तू इतकं म्हणतेसच तर' हे वाक्य ओठांवर तयार ठेवलं. आता फक्त ब्रिटाने तिसऱ्यांदा विचारायचं होतं.

"हं, बोल… तू काहीतरी विचारत होतीस… काय?… हॅलो?… ब्रिटा?… हॅलो! अगं ऐक ना… हॅलो?"

लाइन तुटली होती. ब्रिटाच्या मोबाइलची बॅटरी नेहमीच शेवटच्या थेंबावर चालायची.

आर्डिसबाई फोन हातात धरून उभ्या. दोन 'नाही' तिकडे जाऊन पोहोचले होते आणि 'हो' इकडेच राहिलं होतं. त्यात पोरगी तासभर त्या ॲरिझोनावाल्याच्या संगतीत. त्याची सवय हिला लागली असेल तर? मागणीच्या कागदावर पेन एकदा फिरलं की आठवी सीट गेली, मग बसा जुलैभर घरी, केक खात. केकवरून त्यांना ओव्हन आठवला. त्यांनी केक बाहेर काढला आणि ब्रिटाचा नंबर फिरवला. बंद. पुन्हा फिरवला. बंद. शोरूमचा नंबर माहीत नव्हता. गाडी काढून शोरूमला जावं, तर शोरूम हायवेवर.

फोन वाजला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत बाईंनी उचलला.

"हो! येते मी!… हॅलो. हो, मीच… हो, ऐकलंस ते बरोबर ऐकलंस. विचारायच्या आधीच म्हणाले. सरळ म्हणाले. आता हसू नकोस… मधेच बसेन, दोघांच्या मधे, गुडघ्यांना काय धाड भरलीय! पातेलंही मांडीवर घेईन. करडी घ्या, ब्रिटा, त्या व्हॅक्यूमच्या नादी… काय?"

"… घेतली?… करडी? केव्हा?… मी गुडघ्यांचं बोलत होते तेव्हा केंट सही करत होता?… आणि तू अडवलं नाहीस त्याला? मी दोनदा नाही म्हणाले होते, ब्रिटा!"

पलीकडून काय आलं कोण जाणे, बाईंनी एप्रनचं टोक डोळ्यांना लावलं. ओव्हनची वाफ असेल.

"… हो. हो, त्याचा अर्थ तोच. तुला कळणारच म्हणा… आणि डोळ्यांचंही कळलं होतं?… केव्हापासून?… जुळ्यांच्या बारशाला मी शेजारच्या लॉइसच्या गाडीतून आले तेव्हा? आणि एवढे दिवस गप्प बसलीस?… मी सांगायची वाट बघत होतीस! कुणाची गं मुलगी तू?… हो, दिसतंय ते. पण आता आलीस कुठून फोनवर?… त्या ॲरिझोनावाल्याच्याच टेबलावरून. बरं. मग चटया?… वायरही?… बटणसुद्धा! काय म्हणालीस त्याला?… खिडकीबाहेर बघत राहिलीस, आणि तो घाबरून स्वतःच परत लिहायला लागला? भला माणूस दिसतो. नवीन आहे, शिकेल."

"बरं मग… ठेवते… हो… मुलांना सांग… नाही, तूच सांग… हां, आणि परतताना इकडून जा, केक गरम आहे… रूबार्बचाच… बरं तर मग… ठेवू?… ठेवते… थांब, थांब, ब्रिटा! त्या ॲरिझोनावाल्यालाही उद्या तुकडा नेऊन दे. एकटाच असेल बिचारा… नको म्हणाला तर?… असं काय विचारतेस? पुन्हा विचार. मग परत एकदा विचार. आणि पहिल्याच 'नको'ला खोडू नकोस."