मोठं लेकरू

रायपूरच्या बसथांब्यावर मी सिलतऱ्याच्या बसची वाट पाहत होतो. मागच्या बाकावर पन्नाशीचं एक जोडपं बसलं होतं. दत्तक केंद्रातून नुकतंच बाहेर पडलेलं.

"विनीता, मॅडम काय म्हणाली? मले अर्धंच समजलं."

"आपलं वय निघून गेलं म्हणाली. तान्हं लेकरू आता भेटत नाही."

"मागं त्यायनं ती तान्ही पोट्टी दाखवली होती, तेव्हाच आणाले पाहिजे होती."

"तेव्हा तुम्ही विचार करून राहिले होते. कोणाची असंल, कशी निघंल."

"तूबी तर भेत होती."

"हव. मीबी भेत होती."

"आता काहून रडून राहिली? लोकं पाहून राहिले."

"पाहू द्या. कुठं असंल हो आता ती?"

"मले काय माहीत."

"मोठं लेकरू भेटू शकते म्हणाली. नऊ-दहा वर्षांचं."

"एवढं मोठं? आपल्याले मायबाप मानंल का ते? चार दिवस विचार करू, विनीता."

"मी हव म्हणून आली."

"मले न विचारता? अन् नाही जमलं तर?"

"तर रडू. आताबी रडूनच राहिलो ना."