बनाबाईंच्या मयताची रजा

आता तुमीच सांगा, घरातलं माणूस गेलं तर दहा दिवस रजा, आन् घरात माणूस यायचं असलं तर? रकानाच न्हाई! तुमाला सांगतो, कामथडीच्या आमच्या कारखान्यात रजेचा छापील फॉर्म हाय... आजारपण, लगीन, बाळंतपण, मयत. संपलं! आमचा हिर्डोशीचा गोरख, लग्नाला अकरा वर्षं, पोटी मूल न्हाई, तीन वर्षं दत्तकासाठी नंबर लावून बसलेला. शेवटी निरोप आला, बुधवारी समाजसेविका बाई घर बघाय येणार, नवरा-बायको, म्हातारी आई, समदी घरात पायजेत. गेला बिचारा रजा मागाय. साहेब म्हणतो, "बाळंतपण? कुणाचं, तुझं?" न्हाई साहेब, दत्तक. "मग पोर तयारच मिळणार की रे! त्याला रजा कशाला? आणि रकाना कुठाय त्याचा?"

गोरखचं तोंड एवढंसं झालं. घरी बायकोनं, रत्नानं, भिंती रंगवलेल्या, लुगड्याची बारकी गोधडी शिवून ठिवलेली... तिला कुठल्या तोंडानं सांगायचं? आन् तितं माझी अक्कल पाजळली! म्हनलं, गोरख, म्हातारीला मयत दाखीव. आमच्यात समदेच दाखवत्यात, माझा चुलता तर चारदा वारलाय! गोरख खोटं बोलणारा न्हाई हो, सही करायला तयारच होईना. पर खऱ्याला रकानाच न्हाई, तर करतो काय? साहेबानं दोन मिन्टांत रजा दिली, वर पाठीवर हात फिरीवला!

आता आमची चूक बघा... मयताच्या घरात चूल पेटत न्हाई, लोक भाकरी घिऊन जात्यात, ही पोरासोरांना ठावं असलेली गोष्ट, आन् दोघंबी इसरलो! बुधवारी बाई ओसरीत बसल्यात, इचारत्यात, "तुम्ही कामावर गेलात, तर मूल सांभाळणार कोण?" गोरख म्हणतो, "माझी आई, बनाबाई." तोवर दारात टेम्पो! साहेब, मागं आख्खी शिफ्ट, पिठलं-भाकरीचं गाठोडं घिऊन! मी कुठं? भोरला, मेव्हण्याच्या लग्नात, खऱ्या रजेवर! साहेब डोळं पुसत म्हणतो, "गोरख, बनाबाई गेल्या, फार वाईट झालं रे..." आन् आतनं चहा घिऊन बनाबाईच भायेर! "अगं बया, कोण गेलं?"

हसताय? हसा. पर त्या बाईंचं पेन थांबलं. वरडल्या असत्या तर बरं झालं असतं हो! एवढंच म्हनल्या, "कागदावर आईला मारलंत. मग तुमच्या बाकीच्या कागदांवर मी विश्वास कसा ठेवू?" चौकशी परत होईल, कधी ते कळवू, म्हनल्या आन् फाईल मिटली. रत्नानं गोधडीची घडी घालून फडताळात ठिवली.

सांजच्याला, गोरखनंच मला सांगितलं, म्हातारी त्याच्या केसांतनं हात फिरवीत म्हनली, "रडू नगं लेकरा. बाई परत येतील तवा म्या खरीच मरते. मिळंल तुला रजा."

"न्हाई मिळायची, आये. साहेबाच्या कागदात तू एकदा मेलीयास... दुसऱ्यांदा मरायला रकानाच न्हाई."