खोकला नाही ना?

झेरॉक्सच्या रांगेत क्षयरोगाच्या पाहणीवाल्या ताई वर्षाचा अहवाल घेऊन उभ्या होत्या. त्यात वस्तीतले क्षयरोगी अकरावरून दोनवर आले होते. पुढे त्याच वस्तीतल्या दोन शेजारणी पाठमोऱ्या बोलत होत्या.

"सासूबाईंना टीबी निघाला. दवाखान्यात कागद द्यायचेत."

"अगं, पाहणीवाली येऊन गेली ना तुमच्याकडे?"

"आली की. दारातूनच म्हणाली, 'खोकला नाही ना कुणाला?'"

"मग?"

"असं विचारल्यावर काय सांगणार? नाही म्हटलं. तिचाही जीव भांड्यात पडला."

"आणि सासूबाई?"

"आत तोंडावर उशी दाबून बसल्या होत्या."

दोघी गेल्या. दुकानदाराने अहवाल घेतला.

"ताई, यात काही चूक नाही ना? काढू प्रती?"

ताईंची मान वर होईना.

"नाही," त्या म्हणाल्या. "काढा."