एक नंबर मोठा

—पाय जरा ढिला सोडा, डॉक्टरबाई, असा ताठ धरलात तर टाच आत जायची कशी? हां, आता. ओळखलं म्हणजे काय, दुकानाची पायरी चढलात तेव्हाच ओळखलं मी तुम्हाला. शाळेत आला होतात ना गेल्या महिन्यात, पोरांची वजनं-उंच्या घ्यायला? मग! माझी मुलगी पाचवीत आहे — निळा स्वेटर घालून रांगेत शेवटी उभी होती, तीच. "आईवडिलांना भेटायला सांगा" असा निरोप धाडला होतात. नाही आलो मी. येणारही नव्हतो. पण आता तुम्हीच माझ्या दुकानात बूट घ्यायला आलात, तर ऐकून जा. अहो उठताय काय! एका पायात बूट, एका पायात चप्पल, अशा कुठं निघालात? बसा. गिऱ्हाईक म्हणून आलात, वस्तू चांगलीच देईन, त्यात खोट नाही. पण बोलणार.

लठ्ठ म्हणे! दहा वर्षांची पोर, आणि शाळेतून फोन — तुमची मुलगी लठ्ठ आहे. आता मी काही अडाणी नाही. याच गल्ल्यावर कॅल्क्युलेटर घेऊन बसलो, मोबाईलवर रीत बघितली — वजनाला उंचीनं भागायचं, आलेल्याला परत उंचीनं भागायचं — आणि आकडा आला पंचवीसच्या खाली. मोबाईल म्हणतो, ठीक आहे. मी लगेच तुमच्या त्या सिस्टरला फोन लावला, म्हटलं, बाई, हिशोब चुकलाय तुमचा. तर ती मलाच शिकवते! म्हणे तो आकडा मोठ्या माणसांचा, लहान मुलांना तो चालत नाही. मुलांचं म्हणे वय बघायचं, मुलगा की मुलगी ते बघायचं, आणि त्या वयाच्या शंभर मुली ओळीत उभ्या केल्या तर आपली कितवी येते ते बघायचं. शंभर मुली! माझी एकच आहे हो. तिला कशाला उभी करता दुसऱ्यांच्या शंभर पोरींच्या ओळीत?

माझा आकडा? माझा सोडा. तो काढला तेव्हा कॅल्क्युलेटर बिघडलाय असं वाटलं मला. सिस्टर म्हणाली, मोठ्यांची नुसती भागाकारावर परीक्षा होत नाही, कमरेलाही टेप लावतात, रक्त तपासतात, रक्तदाब बघतात. लावा म्हटलं टेप! लग्नातला पट्टा अजून त्याच भोकात बसतो माझा. हसू नका. पोटाच्या खाली बांधतो म्हणून बसतो, ठाऊक आहे मला, बायको रोज सांगते. पण माझं काय घेऊन बसलात, मी गडी माणूस, मला कुणी भोपळा म्हटलं तर मी दोन शिव्या हासडून मोकळा होतो. ती काय करणार? वर्गातली कार्टी तिला भोपळी म्हणतात. तुमच्या त्या वजनकाट्यावरून उतरली आणि मागून कुणीतरी ओरडलं, काटा मोडला, काटा मोडला! ऐकलंत ना तुम्ही? नाही ऐकलं. तुम्ही लिहीत होतात. असंच होणार ठाऊक होतं, म्हणूनच गेल्या वर्षी तपासणीच्या दिवशी मी तिला घरी ठेवली होती, ताप आलाय म्हणून खोटं कळवलं होतं शाळेला, आणि यंदाही ठेवणार होतो, पण बायकोनं ऐकलं नाही.

दुसरा पाय द्या. चवडा रुंद आहे तुमचा, पुढून निमुळता बूट घालत जाऊ नका, बोटं एकमेकांवर चढतील. — तर फोन आल्यापासून आमच्या घराची काय दशा झाली विचारा. माझी सासू म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला, ती पोरीच्या तोंडावर म्हणाली, खायला काळ आणि भुईला भार. दहा वर्षांच्या नातीला! बायकोनं डब्यांना कुलूप घातलं. सकाळी एक फळ, दुपारी उकडलेल्या भाज्या, रात्री पुन्हा त्याच भाज्या. पोर मुकाट खाते. त्यातलंही अर्धं ताटात टाकते — भूक नाही म्हणते. शेजारच्या वकिलाची मुलगी, काडीपैलवान, ती माझ्या डोळ्यांदेखत पाच-पाच पोळ्या हाणते, आणि तिला कुणी काही बोलत नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात. इथं खाते ती आणि खवखव माझ्या पोरीला! महिना झाला या उपासाला, कमी झालं का वजन? रत्तीभर नाही. उलट वाढलं. मग सगळ्यांचं एकच, चोरून खाते. बायको म्हणते, तुम्हीच दुकानात चारता. मी? मी तर — परवा मी तिचं दप्तर तपासलं. इथंच, या स्टुलावर उपडं केलं. ती भिंतीला टेकून उभी होती, मी सांगितलंही नव्हतं, तरी स्वतःहून खिसे उलटे करून दाखवले तिनं. काय निघालं? पेन्सिलीचं टोकयंत्र आणि एक बटण. तर असं आहे डॉक्टरबाई, तुमच्या एका फोनमुळं मी माझ्या पोरीची झडती घेतली. तेव्हापासून ती माझ्याशी धड बोलत नाही.

चालून बघा. इथून आरशापर्यंत. टाचेला लागतंय? नाही ना.

आळशी नाही हो ती. आताच झाली अशी. आधी या दुकानात खोक्यांचे मनोरे रचायची, गिऱ्हाइकांना बूट घालून द्यायची, तोंडाची टकळी बंद नसायची. आता शाळेतून आली की मागच्या खोलीत आडवी. आत्ताही झोपली आहे बघा तिथं, खोक्यांच्या मागे. त्या स्वेटरमध्येच. बाकीची माणसं घामानं निथळतात आणि हिला थंडी वाजते, पंखा लावू देत नाही मला. केस गळतात, पोट साफ होत नाही, बाई म्हणतात वर्गात एकेक शब्द लिहायला वेळ लावते. सासू म्हणते सगळी नाटकं. मी म्हणतो, रोज हिणवलं तर हत्तीसुद्धा अंथरूण धरेल. तुमच्या सिस्टरनं तर वरून आणखी एक ऐकवलं — उंचीही कमी आहे म्हणे, आधीच्या वर्षीचं माप असतं तर बरं झालं असतं. अहो, उंचीनं कमी असणारच! हिची आई माझ्या खांद्याला लागते आणि मी स्वतः शिडीशिवाय वरच्या फळीला पोचत नाही. आमच्या खानदानात उंट जन्मत नाहीत!

काय? कुणाच्या पायाचा नंबर? तिच्या? तो कशाला हवा तुम्हाला? — तेरा. लहान पोरांच्या मापातला तेरा नंबर. चांगला पाय आहे, सरळ. यंदा शाळा उघडली तेव्हा नवा जोड दिला, तेराच. गेल्या वर्षीही तेरा. त्याच्या आदल्या वर्षीही — हो, तिसरीत गेली तेव्हाही तेराच होता, लाल बकलाचा, मला नीट आठवतंय. आमच्या बबडीचं हेच तर बरं आहे, दुसऱ्यांच्या पोरांचे बूट सहा महिन्यांत चावायला लागतात, रडत येतात इथं. हिचे तळ झिजून भोकं पडतात पण चावत म्हणून नाहीत कधी. गणवेशाचंही तेच, कडेची शिवण तेवढी उसवून सैल करायची, खालची दुमड हिच्या आईनं कधी सोडलीच नाही, जिथल्या तिथं —

असं का बघताय?

वाढायला हवा म्हणजे? मला सांगता? पोरांचे पाय वाढतात हे मला सांगता? अहो, सकाळपासून रात्रीपर्यंत मी दुसरं काय बोलतो इथं? ताई, एक नंबर मोठा घ्या, वाढतं पोर आहे. दादा, एक नंबर मोठा घ्या, पुढं कापूस घालून देतो. दर माणसाला सांगतो. दर पोराचा पाय या हातात धरून सांगतो मी, आणि माझ्याच…

नाही, थांबा. नुसतं खाऊन लठ्ठ झालेलं पोर उंचही वाढतं? समवयस्कांपेक्षा जास्तच? आणि उंची जागच्या जागी आणि वजन तेवढं वर — म्हणजे खाण्याचं नाही ते? गळ्यातली ग्रंथी, थायरॉईड. म्हणजे इथं? ती थंडी, ती झोप, ते सगळं त्याच्यामुळं? असेलच असं नाही, रक्त तपासल्याशिवाय नाही सांगता येत, बरं, बरं, समजलं. पण औषध आहे ना त्याला? रोज एक गोळी? तेवढंच? मग आम्ही महिनाभर हिला उपाशी… तिनं खिसे उलटे केले हो माझ्यासमोर. माझ्या पोरीनं.

राहू द्या, खोक्याचं बघतो मी नंतर. इकडून या. जरा जपून, फळी आहे तिथं. हात गार आहेत का तुमचे? आधी चोळून घ्या, दचकेल ती. — बबडे. बबडे, ऊठ गं राजा. कुणी रागवत नाहीये. या डॉक्टरबाई आहेत, नुसता गळा बघणार आहेत. नाही, वजनकाटा नाही आणलेला. मी इथंच आहे, धर माझा हात.

कोण आहे? — नाही हो ताई, आत येऊ नका. हो, दिवे चालू आहेत. हो, दिसताहेत मला शाळेचे बूट, तिथंच मांडलेत. नाही मिळणार आज. अहो, नंबर मला विचारू नका! दुकान बंद आहे. जा तुम्ही.