तांब्याची चांदी झाली ती सकाळ

मंडळी, आधी माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्या. मनातल्या मनात द्या, शेजारणीला ऐकू जायला नको. ज्याच्यावर आपली माया आहे, त्याच्या हातचं डोळे मिटून घ्यावं? की माया आहे म्हणूनच डोळे उघडे ठेवावेत?

मिटून म्हणता? पुढच्या रांगेतल्या मावशी तर मानही डोलावतायत. बरं, मावशी, तुमचं उत्तर धरून ठेवा. आता वेळगावच्या इंदुमतीची गोष्ट ऐका.

इंदुमती तालुक्याला मास्तरीण. वय चाळिशीचं. वडील अनंतराव, सारं गाव त्यांना तात्या म्हणे. तात्यांचा धंदा काय, तर एका कॉलेजात वाळलेली झाडं सांभाळायची. हसू नका. डोंगरातून रोपटं आणायचं, दाबून वाळवायचं, कागदावर डकवायचं, खाली नाव लिहायचं. शंभर वर्षांनी कुणी विचारलं, की बाबा, या डोंगरात काय उगवत होतं, तर दाखवायला हवं ना?

पण वाळलेल्या पानाला वैरी फार. कसर लागते, किडे लागतात. म्हणून ती पानं एका औषधात बुडवून काढायची, की किडा जन्मात तोंड लावणार नाही. निवृत्त झाल्यावरही तात्यांचा नाद सुटला नाही. घरच्या फडताळात झाडांची बाडं आणि ते औषध, दोन्ही आली. फडताळाची किल्ली मात्र सदा जानव्याला. जेवायला बसण्याआधी तात्या कोपरापर्यंत हात धुवायचे. लोक म्हणत, केवढं सोवळं! आता सोवळं कशाचं होतं, ते पुढे कळेल.

तर तात्या गेले. झोपेतच गेले, कुणाला काही सांगायची वेळ आली नाही. महिन्याभराने इंदुमती खोली आवरायला आली. तुमच्यापैकी कुणी आवरलीय अशी खोली? मग सांगायला नको. चष्म्याचं घर हातात येतं आणि अर्धा तास तिथेच जातो.

फडताळात काचेची बरणी निघाली. आत पांढरेशुभ्र खडे. बाहेर तात्यांच्या अक्षरातली चिठ्ठी, तिचा सुरुवातीचा भाग कसरीने खाल्लेला. उरलं होतं एवढंच — ‘कापूर’.

इंदुमतीचे डोळे भरून आले. तात्या रोज देवळात कापूर लावायचे, तोच हा. तिने हुंगून पाहिलं. वास नाही. आता कापूर आणि वास नाही, हे कसं? पण मन मोठं वकील असतं हो. मन म्हणालं, जुना झाला, वास उडाला. बरणी उचलली तर जड. मन म्हणालं, जुन्या काळची काच, असणारच.

गावात लक्ष्मीनारायणाचा उत्सव होता. तिने बरणी नेऊन धोंडू गुरवाला दिली.

“धोंडूकाका, तात्यांचा कापूर. उद्याच्या तीर्थात घाला.”

धोंडू तात्यांचा बालमित्र. डोळ्यांत मोतीबिंदू, तोंडात तिखट. म्हणाला, “जिता होता तेव्हा वडी-वडी मोजून द्यायचा तुझा बाप. मेल्यावर हात सैल झाला म्हणायचा.” असं म्हणाला आणि उपरण्याने डोळे पुसले.

सकाळ झाली. धोंडूने तांब्याचं घंगाळ चिंचेने लख्ख घासलेलं. पाणी भरलं, तुळस घातली, मूठभर खडे कुटून टाकले, तांब्याच्या पळीने ढवळलं. तेवढ्यात आरती सुरू झाली. पाच आरत्या झाल्या, मंत्रपुष्प झालं. आणि धोंडू पळी उचलतो तो — पळी काळपट पांढरी! उपरण्याने पुसली. तर काय, मंडळी, पळी चांदीसारखी चमकायला लागली.

गावचे व्यापारी गोविंदशेठ पुढेच होते. म्हणाले, “तांब्याची चांदी झाली. अहो, तात्यांची पुण्याई!”

झालं. बायका-माणसं पुढे सरली. ज्याला त्याला तीर्थ हवं. हात जोडून सगळे तात्यांचं नाव घेतायत. आणि इंदुमती? खांबाशी उभी होती. एक श्वासभर तिलाही ते खरं असावंसं वाटलं. आपल्या माणसाला देवळात असा मान मिळाला, तर कुणाला नको?

पण दुसऱ्या श्वासाला तिला तात्यांचं बोलणं आठवलं. लहानपणी तिने विचारलं होतं, तात्या, औषध काचेतच का हो कालवता? ते म्हणाले होते, तांब्यात घातलं तर त्यातला पारा तांब्यावर चढतो, बाळ. भांडं चांदीचं दिसतं. भुलायचं नाही.

पारा! जुन्या वैद्यकात पाऱ्याला रस म्हणतात. कसरीने खाल्लेली अक्षरं कोणती, ते तिला तेव्हा कळलं. रस. बरणीवर होतं रसकापूर! बघा गंमत. जे विष किड्यांना मारायला ठेवलं, त्याचंच नाव किड्यांनी खाल्लं. आत शिरता आलं नाही, बाहेरून सूड घेतला.

पहिली ओंजळ यमुनाआजींची होती. नव्वदीच्या आजी. ओंजळ ओठांपाशी गेली, आणि इंदुमतीने त्यांचं मनगट धरलं. तीर्थ फरशीवर सांडलं.

तीर्थ सांडणं म्हणजे केवढं पाप!

“दुःखानं डोकं फिरलंय का, बाई?” गोविंदशेठ म्हणाले.

“माझ्या तात्यांनी चमत्कार केलेला नाही,” ती म्हणाली. “हे विष आहे. आणि ते मी आणलंय.”

कुणी म्हणालं, देवाच्या पाण्यात विष कसलं? तेव्हा धोंडू आत गेला. दोन वाट्या पाणी आणलं. एकीत आपल्या डबीतली कापराची वडी टाकली. ती तरंगली, गरगर फिरली. दुसरीत चिमट्याने बरणीतला खडा टाकला. तो दगडासारखा तळाला गेला.

“कापूर बुडाला,” धोंडू म्हणाला. “मला दिसलं नाही, ताई. मी नुसतं नाव ऐकलं.”

इंदुमतीने सगळं सांगितलं. हा पाण्यात विरतो. चिमूटभर पोटात गेला तर तोंड, घसा, आतडी जाळतो, मग मूत्रपिंडं बंद पाडतो. निखाऱ्यावर पडला तर वाफ होऊन छातीत जातो. कातडीतूनही भिनतो; तात्या कोपरापर्यंत हात धुवायचे ते त्यासाठीच. तिने आजींचे आणि धोंडूचे हात भरपूर पाण्याने धुवायला लावले. त्यांना तालुक्याच्या डॉक्टरकडे न्यायला गाडी सांगितली. कुणी म्हणालं, घंगाळ ओढ्यात ओता. “ओढ्यात नको, तुळशीतही नको. गाई पितात तिथे.” पाणी काचेच्या बरण्यांत भरलं, फरशी पुसलेलं फडकंही त्यात घातलं, बुचं घट्ट लावली, वर मोठ्या अक्षरात विष लिहिलं. दुसऱ्या दिवशी तात्यांच्या कॉलेजातली माणसं येऊन त्या घेऊन गेली.

पण त्या सकाळी, बुचं लावून झाली, आणि ती पायरीवर चप्पल शोधू लागली. तोंड लपवून जायचं होतं तिला.

“इंदे,” यमुनाआजींनी हाक मारली. “चाललीस कुठं? गाडी यायचीय अजून. दुसऱ्या भांड्यात साधं पाणी आण. तुळस घाल. तू दे तीर्थ.”

“आजी, माझ्या हातचं?”

“जिनं माझा हात धरला तिच्या हातचं नको, तर मग कुणाच्या हातचं घेऊ?”

आजींनी ओंजळ पुढे केली. मागे धोंडू उभा राहिला. मग गोविंदशेठ.

आता बोला, मावशी. डोळे मिटून की उघडे? आजींनीही विश्वासच ठेवला, पण कुणावर? भोळेपणाने भरवणाऱ्या हातावर नाही, वेळेला आडव्या आलेल्या हातावर.

तुमच्या घरीही असेल एखादी बरणी. गेलेल्या माणसाची. तिच्यावरून हात फिरवावासा वाटतो, मला ठाऊक आहे. फिरवा. पण ती काय आहे ते कळेपर्यंत उघडू नका, हुंगू नका, कुणाला देऊ नका. जाणत्याला विचारा. तुमच्या स्वतःच्या बरण्यांवर आजच, पुसणार नाही अशा शाईनं, पुरतं नाव लिहा. मागे राहणाऱ्यांना रडायचंच असतं हो. त्यांना कोडी कशाला घालायची?

चला, टाळ उचला. डोळे उघडे ठेवून नाम घेऊ या.