खिडकीतला रुमाल

अहमदपूरच्या बसस्टँडवर माझ्या मागच्या बाकावर दोघं बसले होते. एक पुण्याला परत निघालेला व्यंकट, दुसरा त्याला सोडायला आलेला शाळेतला दोस्त साद.

“साद, या गावात माणूस जगूच शकत नाही रे. साधा चहा प्यायला गेलो, तर चहावाल्यानं पगार विचारला.”

“मग सांगायचा की. चोरीचा हाय का?”

“पुण्यात इतकी वर्षं राहतोय, शेजाऱ्याला माझं नावसुद्धा माहीत नाही.”

“अन् हे तू खुशीत सांगून राहिलास?”

“त्याला प्रायव्हसी म्हणतात.”

“आमच्याकडं त्याला वाळीत टाकणं म्हणतात. ते सोड, लातूर गाडी आली, पुण्याची तिथनं मिळंल. रुमाल टाक खिडकीतून, जागा धर.”

“मी असलं काही करत नाही. रांगेनं चढायचं असतं.”

“कुठंय रांग? आरं, टाकलास की! ते बी चालत्या गाडीत!”

“सवय रे. बॅग दे इकडं.”

दारात ही रेटारेटी. आतून कुणीतरी विचारलं, “हा रुमाल कुणाचा? उचलू का?”

“हात लावू नका!” एक म्हातारी ओरडली. “गुणाबाईच्या व्यंकटचा हाय. पुण्याला असतो. पस्तिशी आली, पोरगीच भेटंना लेकराला.”

“ऐकलंस, साद? अख्ख्या गाडीला सांगितलं!”

“जागा राहिली न्हवं? बस गुमान.”

“ये बाबा, बस खिडकीला,” म्हातारी म्हणाली. “ पगार किती हाय रं तुला?”

“हातात येतो तो सांगू का कागदावरचा, मावशी?”