उलटं दिसणारं घर

(मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर मागे चला, तुमच्या खापरपणजोबांच्या वेळच्या माजिवड्याला. खाडीकाठी मिठाचे पांढरे ढीग आहेत. बांधावर तिपाईवर बसवलेली पितळी दुर्बीण आहे आणि तिच्यामागे एकटा त्र्यंबक. पुण्याला इंजिनियरी शिकतो, सुटीत गावी आलाय. त्याच्याशी बोलतेय ती मिठागरवाल्या नाथाची आठ-नऊ वर्षांची लक्ष्मी.)

लक्ष्मी : मग कालपासून तुम्ही बोलताय कोणाशी?

त्र्यंबक : कोणाशीच नाही गं. सरावासाठी आकडे मोठ्यानं म्हणतो, एवढंच.

लक्ष्मी : मना वाटलं, नळीत कोण बसलंय.

त्र्यंबक : बघ हवं तर. एक डोळा मीट.

लक्ष्मी : अगो बाय! बाबा उलटा! डोकं खाली, पाय आभाळात! टोपलीतलं मीठ सांडत कसं नाय?

त्र्यंबक : काचेची करामत ती. दिसतं उलटं, पण माप बरोबर येतं. ही आकड्यांची काठी कोणी समोर सरळ धरली, की इथली जमीन उंच की तिथली, ते कळतं.

लक्ष्मी : मग सांगा की कोणाला धरायला.

त्र्यंबक : सगळ्या गावाला विचारून झालं. कोणी हात लावत नाही. आणि मोजणी करून नेली नाही, तर वरच्या वर्गात घेणार नाहीत मला.

नाथा : लक्ष्मे! सोड ती नळी. चल घरी.

त्र्यंबक : नाथाकाका, सरकारी काम नाही हो हे. माझा अभ्यास आहे.

नाथा : तो मोजणीवाला साहेबपण गोडच बोलायचा. कळव्याला माझ्या बापाच्या मिठाच्या आगरात अशीच काठी आणली त्यानं. बापानंच धरली, भर उन्हात. वर साहेबाला शहाळं पाजलं. आता तिथून आगगाडी जाते. काठी उभी राहिली, की जमीन गेली!

त्र्यंबक : तुमचं खोटं नाही, काका. पण मी आपल्या गावच्या मास्तरांचा त्र्यंबक.

नाथा : म्हणून तर हाकलत नाय. एवढासा होतास, मास्तरांच्या कडेवर.

त्र्यंबक : कॉलेजात मी तोंड उघडलं की हसतात. खाडीकडचा आला, म्हणतात. म्हटलं, गावी जावं, तिथं तरी...

लक्ष्मी : बाबा, यांच्याच घराशी लावली काठी तर? गेलं तर यांचं जाईल.

नाथा : गप, कारटे!

त्र्यंबक : बोलू द्या, बरोबर बोलतेय ती. पण तिथं काठी धरायला आहे कोण? पटकीच्या साथीत आई-बाबा गेले, तेव्हापासून कुलूप आहे. मी देवळात निजतो.

लक्ष्मी : घर असून?

त्र्यंबक : दारात गेलं की आई विचारायची, 'आलास का?' आता कोणी विचारत नाही. मग नाही जाववत.

नाथा : ... मोजायला जागा किती लागतात रे?

त्र्यंबक : दोन.

नाथा : मग एक तुझं घर. दुसरा तो बंदराचा धक्का. सरकारचाच हाय. गेला तर सरकारचा जाईल, आपल्याला काय!

त्र्यंबक : चालेल की, काका! पण काठी...

नाथा : मी नाय हात लावणार. बापाला शब्द दिलाय. अगो, लक्ष्मे! ती घेऊन कुठं पळतेस? तुझ्याहून उंच हाय ती!

लक्ष्मी : यांच्या घराकडं!

नाथा : पडशील! सांभाळून! ... ऐकते का बघ. आईवर गेलीय.

त्र्यंबक : पोचली का हो?

नाथा : मना काय विचारतोस? नळी तुझ्याकडं हाय.

त्र्यंबक : हो, हो... दिसली. ओट्यावर चढलीय, कुलपापाशी.

नाथा : काठी सरळ धरलीय?

त्र्यंबक : अगदी सरळ. पण थांबा, काहीतरी ओरडतेय. ऐकू येतंय का तुम्हाला?

लक्ष्मी : त्र्यंबकदादाऽ! आलास काऽऽ?